गोव्याचे पाणी, उद्याची टंचाई आणि यंत्रांची धाव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च उजाडला की पेडण्यापासून काणकोणपर्यंत टँकर फिरू लागतात आणि घरोघरी पाण्याचा विषय निघतो. जूनमध्ये पावसाने जोर धरला की तो विषय बंद होतो. मधल्या तीन महिन्यांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, ते इथे उत्तरांसकट एकत्र केले आहेत. उत्तरांत माझी मतेही आहेत. पाणी हा मला गोव्यापुढचा सगळ्यात मोठा प्रश्न वाटतो, त्यामुळे तटस्थ राहण्याचा प्रयत्न मी केलेला नाही.

गोव्यात एवढा पाऊस पडतो. मग टंचाई येईलच कशी?

आधी हिशेब करू. गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. वर्षाचा सरासरी पाऊस साधारण ३,००० मिलिमीटर, आणि सत्तरी-सांग्याच्या घाटपायथ्याला त्याहून जास्त. गुणाकार केला तर दरवर्षी सुमारे ११,१०० दशलक्ष घनमीटर पाणी आपल्या भूमीवर पडते. २०११ च्या जनगणनेत आपण साडेचौदा लाख होतो, म्हणजे माणशी साडेसात हजार घनमीटरहून जास्त. माणशी वर्षाला १,७०० घनमीटरच्या खाली पाणी आले की त्या प्रदेशावर पाण्याचा ताण आहे, असे जगभर मानतात. पडलेला सगळा पाऊस हाती लागत नाही हे धरले, तरी आपण श्रीमंत आहोत.

पण ही श्रीमंती चार महिन्यांची आहे. पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो आणि आपल्या नद्या आखूड आहेत. मांडवीसारखी मोठी नदी उगमापासून मुखापर्यंत जेमतेम ऐंशी किलोमीटर. चोर्ल्याच्या घाटात पडलेले पाणी बघता बघता मिरामारला समुद्रात जाते. आपले सगळ्यात मोठे धरण साळावलीचे. त्याचा साठा सुमारे २३४ दशलक्ष घनमीटर, म्हणजे वर्षभराच्या पावसातले शंभरातले फक्त दोन भाग.

तेव्हा पाणी पडते किती, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. जुलैचे पाणी मे महिन्यापर्यंत राखायचे कसे, हा आपला प्रश्न आहे. पुढच्या सगळ्या उत्तरांत, यंत्र असो की बंधारा, मी प्रत्येक उपायाला हीच कसोटी लावली आहे.

धरणे नव्हती तेव्हा लोक उन्हाळा कसा काढायचे?

जमिनीत मुरलेल्या पाण्यावर. गोव्याचे सडे, म्हणजे सपाट माथ्याचे डोंगर, जांभ्या दगडाचे आहेत. जांभा सच्छिद्र असतो. सड्यावर पडलेला पाऊस त्यातून खाली उतरतो आणि पायथ्याशी झर होऊन हळूहळू बाहेर येतो. सडा ही गावाची टाकी. झरीखाली तळी, तळीखाली कुळागर म्हणजे माड-पोफळीची बाग, कुळागरातून पाटाने फिरलेले पाणी खाली वायंगण म्हणजे उन्हाळी भातशेतीला. एकच पाणी उतारावर तीन-चार वेळा कामाला यायचे. सावईवेरे, केरी, प्रियोळच्या बाजूला कुळागरांत अजून हे पाट चालताना दिसतात.

सत्तरीत म्हादईच्या (मांडवीचेच वरच्या भागातले नाव) पात्रालगत लोक पुरण शेती करत. पावसाळा सरला, पात्र आटू लागले की नदीकाठी माती-दगडांचे वाफे धरून भात घ्यायचे. ओहोळांवर दरवर्षी डिसेंबरच्या सुमारास माती, फांद्या आणि दगडांचा बांध घातला जायचा, पावसात तो वाहून जायचा आणि पुन्हा घातला जायचा. खाली खाडीकाठी खाजन शेतीत तर गोडे आणि खारे पाणी एकमेकांपासून वेगळे ठेवण्याची पूर्ण यंत्रणा उभी होती: बांध, आत पोय म्हणजे पाणी साठणारा खोलगट भाग आणि भरती-ओहोटीच्या दाबाने आपोआप उघडझाप होणारी लाकडी दारे असलेली मानस. तंत्रज्ञान म्हटले की आपण काचेच्या इमारतीत काहीतरी लुकलुकणारे डोळ्यांपुढे आणतो. मानस हेही तंत्रज्ञानच आहे, आणि ती विजेशिवाय चालते.

हे सगळे गावाच्या श्रमावर आणि गावकरीच्या, म्हणजे गावाच्या सामूहिक जमीनव्यवस्थेच्या, शिस्तीवर टिकले होते. बांध कोणी घालायचा, मानशीची दारे कोणी बदलायची, हे ठरलेले असायचे. ती शिस्त मोडली. नंतर बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली. काही ठिकाणी त्यांनी ती चांगली सांभाळली, पुष्कळ ठिकाणी बांध फुटले आणि शेतात खारे पाणी शिरले. वर सड्यांवर चिरेखाणी आल्या, डोंगर कापले, डिचोली-सत्तरी-सांग्यात लोहखनिजासाठी भूजल पातळीच्याही खाली खणले आणि खाणीत साचणारे पाणी पंपांनी उपसून बाहेर टाकले. त्यामुळे आजूबाजूच्या विहिरी आणि झरी आटल्याच्या तक्रारी त्या भागांतून वर्षानुवर्षे येत राहिल्या.

म्हादई कर्नाटकाने वळवली तर गोव्याचे पाणी संपेल का?

संपणार नाही, पण उन्हाळ्यात फरक पडेल. तो किती पडेल हे वर्षाच्या एकूण आकड्यावरून कळत नाही.

म्हादई कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात देगावजवळ उगम पावते. २०१० मध्ये केंद्राने नेमलेल्या लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा दिला: कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, महाराष्ट्राला १.३३ आणि गोव्याला २४. कर्नाटकाच्या वाट्यातले ३.९ टीएमसी पाणी कळसा आणि भांडुरा या नाल्यांवरून मलप्रभेच्या खोऱ्यात नेण्याची मुभा आहे. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय जल आयोगाने सुधारित प्रकल्प अहवालाला मान्यता दिली तेव्हा गोव्यात संताप उसळला. तिन्ही राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली आहेत.

लवादाने खोऱ्यातले पाणी १८८ टीएमसी धरले आहे. १८८ मधून चार गेले तर काय बिघडते, असे पलीकडून विचारले जाते आणि आपल्याकडे त्याचे उत्तर बरेचदा घोषणेने दिले जाते. उत्तर वेगळे आहे. ते १८८ टीएमसी बहुतांश पावसाळ्यातले आहेत. नदीत जानेवारी ते मे या काळात जे थोडे वाहते तेच खाडीतल्या खारेपणाला मागे रेटते. मांडवीत भरतीचा परिणाम थेट गांजेपर्यंत पोहोचतो. वरून येणारे गोडे पाणी कमी झाले की खारेपणा आणखी वर सरकतो, आणि आपली पाणी उचलण्याची ठिकाणे त्याच वरच्या टप्प्यात आहेत. समुद्राची पातळी वाढत जाईल तसा हा धोका वाढणार आहे. गोव्याने न्यायालयात आणि न्यायालयाबाहेर हा मुद्दा महिन्यामहिन्याच्या मोजमापांसह मांडायला हवा.

दुसरी गोष्ट थोडी कडू आहे. आपल्या वाट्याच्या २४ टीएमसीचे आपण काय करणार? पाणी वळवण्याविरुद्ध लढायलाच हवे, आणि त्याच वेळी आपल्या हद्दीतले पाणी राखण्याचे कामही दाखवायला हवे. म्हादईच्या जंगलात व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने जुलै २०२३ मध्ये दिला. म्हादईच्या खोऱ्यातले जंगल राखणे हे पाणी राखण्याचेच काम आहे, हे सरकारने मनावर घेतले असते तर हा आदेश न्यायालयाकडून यायची वाट पाहावी लागली नसती.

घरी नळ आहे, बिल येते, पण पाणी येत नाही. असे का?

ऑगस्ट २०२२ मध्ये गोवा ‘हर घर जल’ प्रमाणित झालेले देशातले पहिले राज्य ठरले. ग्रामीण भागातल्या प्रत्येक घरात नळजोडणी आहे, एवढे ते प्रमाणपत्र सांगते. पाणी किती तास आणि किती दाबाने येते, हा पुढचा प्रश्न. सरकारने मध्यंतरी महिन्याला १६ हजार लिटरपर्यंत पाणी मोफत केले. ज्यांच्या नळाला दिवसाआड तासभर धार येते त्यांना त्याचा उपयोग काय, हे पेडणे-बार्देशच्या टोकाच्या वाड्यांवर जाऊन विचारावे.

गोव्याचा पाणीपुरवठा मोजक्या मोठ्या प्रकल्पांवर उभा आहे. दक्षिणेला साळावली, फोंडा-तिसवाडीला ओपा, बार्देशला अस्नोडा, पेडण्याला चांदेल, वर साखळी-सत्तरीला पोडोशे आणि दाबोस. अस्नोडा आणि चांदेलला तिळारीच्या कालव्याचा मोठा आधार. तो कालवा फुटला की उत्तर गोव्याचे नळ कोरडे पडतात, आणि तो वरचेवर फुटतो. ऑगस्ट २०१९ मध्ये खांडेपारजवळ महामार्गाच्या कामाच्या ठिकाणी ओपाची जलवाहिनी फुटली तेव्हा भर पावसात पणजी-फोंड्यातल्या लोकांना कित्येक दिवस टँकरवर काढावे लागले. बाहेर धो धो पाऊस आणि घरात बादलीभर पाणी नाही! अशी टंचाई पावसाने येत नाही.

शुद्ध केलेल्या पाण्यातला तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग बिलात दिसतच नाही. काही गळते, काही चोरीला जाते, काही बिघडलेल्या मीटरांमुळे मोजलेच जात नाही. तंत्रज्ञान गोव्याला सगळ्यात जास्त उपयोगी पडेल ते इथे. वाहिन्यांचे छोटे विभाग पाडायचे, प्रत्येक विभागाच्या तोंडाशी मीटर बसवायचा आणि रात्री दोन ते चारमध्ये किती पाणी जाते ते बघायचे. त्या वेळी लोक झोपलेले असतात. तरी प्रवाह मोठा असेल तर ती गळती. मग जमिनीवरून आवाज टिपणारी उपकरणे घेऊन नेमकी जागा शोधायची. टोकियोने अशा चिकाटीने गळती तीन-चार टक्क्यांपर्यंत खाली आणली आहे. यात उद्घाटनाची फीत कापण्यासारखे काही नाही, म्हणून हे काम मागे पडते असे मला वाटते. वेगळे पेयजल खाते आता झाले आहे. त्याने दरवर्षी गळतीचा आकडा विभागवार जाहीर करावा.

समोर एवढा समुद्र आहे. त्याचेच पाणी गोडे का करत नाहीत?

करता येते. जगात कोट्यवधी लोक ते पाणी पितात. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. हे पाणी साठ-सत्तर वातावरणांइतक्या प्रचंड दाबाने बारीक पडद्यातून ढकलले की क्षार अलीकडे राहतात आणि गोडे पाणी पलीकडे येते. अशा कामाला येणारा पहिला पडदा अमेरिकेत १९६० च्या आसपास सिडनी लोएब आणि मूळचे भारतीय असलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी तयार केला.

अडचण विजेची आहे. आजच्या चांगल्या प्रकल्पातही एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाण्याला तीन ते चार युनिट वीज लागते. निसर्गनियमाने ठरलेली किमान मर्यादाच एक युनिटच्या आसपास आहे, त्यामुळे उद्या कितीही शोध लागले तरी हा खर्च शून्यावर येणार नाही. दिवसाला दहा कोटी लिटरचा प्रकल्प धरा: रोज साडेतीन लाख युनिटच्या घरात वीज. गोवा आपली जवळजवळ सगळी वीज बाहेरून आणतो. ती आणण्यासाठीच तमनार वीजवाहिनीचा पट्टा मोलेच्या जंगलातून तोडायचा प्रस्ताव होता, आणि २०२० पासून लोक त्याविरुद्ध उभे राहिले. मोलेचे जंगल म्हणजे खांडेपार नदीचे पाणलोट, आणि खांडेपारवर ओपा. समुद्राचे पाणी गोडे करायला वीज हवी, विजेसाठी जंगल तोडायचे आणि जंगल तोडून नदीचे फुकट मिळणारे गोडे पाणी घालवायचे, हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे.

शिवाय उचललेल्या पाण्यातले निम्म्याहून जास्त पाणी दुप्पट खारे होऊन परत समुद्रात सोडावे लागते. आपल्या किनाऱ्यावर जाळी ओढणारे रापणकार आहेत, खाडीत तिसऱ्या म्हणजे शिंपल्या आहेत. ते खारे पाणी कुठे सोडणार, याचे उत्तर आधी मिळायला हवे.

चेन्नईचे उदाहरण नेहमी दिले जाते. तिथे मिंजूरला २०१० मध्ये आणि नेम्मेलीला २०१३ मध्ये दिवसाला प्रत्येकी दहा कोटी लिटरचे प्रकल्प सुरू झाले. तरीही २०१९ च्या उन्हाळ्यात शहराचे तलाव कोरडे पडले आणि जोलारपेट्टईहून रेल्वेने पाणी आणावे लागले. प्रकल्प नसते तर हाल अधिक झाले असते, हे खरे. पण तलाव आणि पाणथळी घालवल्याची भरपाई त्या यंत्रांना करता आली नाही. लक्षद्वीपची गोष्ट वेगळी आहे. कवरत्तीला २००५ पासून समुद्राच्या खोल थंड पाण्याचा उपयोग करून दिवसाला लाखभर लिटर गोडे पाणी काढतात. त्या बेटावर नदी नाही. तिथे ते यंत्र हवेच.

हवेतून पाणी काढणारे यंत्र? कृत्रिम पाऊस?

हवेतले बाष्प थंड करून पाणी काढणारी यंत्रे गोव्याच्या दमट हवेत चालतात खरी, पण एका लिटरला साधारण पाव ते अर्धा युनिट वीज खातात. समुद्राचे पाणी गोडे करण्यापेक्षा हे शंभरपट महाग पडते. कृत्रिम पावसाला मुळात पाणीदार ढग हवेत. एप्रिल-मेमध्ये ते नसतात आणि जुलैमध्ये आपल्याला आणखी पाऊस नको आहे.

मग आणखी धरणे बांधा.

कुठे, हे सांगायला हवे. साळावलीच्या धरणाखाली कुर्डी गाव गेले. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचे गाव. सुमारे तीन हजार माणसे वाडे आणि वाळकिणीला हलवली, प्राचीन महादेव मंदिराचे दगड सुटे करून धरणाजवळ पुन्हा उभे केले. दर मे महिन्यात पाणी ओसरले की घरांचे चौथरे वर येतात आणि मूळचे गावकरी सोमेश्वराच्या देवळापाशी जमतात. दक्षिण गोव्यात नळ उघडणाऱ्या प्रत्येकाने कुर्डीचे हे ऋण लक्षात ठेवावे. आता उरलेल्या धरणजोग्या जागा बहुतेक अभयारण्यांत किंवा दाट वस्त्यांत आहेत. अंजुणे, आमठाणे, चापोली, पंचवाडी ही धरणे आहेत. त्यांतला गाळ काढणे आणि पाणलोटातले जंगल टिकवणे आधी करावे.

छोट्या बंधाऱ्यांच्या बाजूने मी ठामपणे आहे. पावसाळा संपता संपता नदीच्या बंधाऱ्यांत फळ्या घालून पाणी अडवले की आजूबाजूच्या विहिरींना ते मार्चपर्यंत मिळत राहते. जलस्रोत खात्याने गोवाभर असे बंधारे बांधले आहेत. मात्र फळ्या वेळेवर बसल्या पाहिजेत. ऑक्टोबरचे काम डिसेंबरवर गेले तर अडवायला पाणीच उरत नाही.

बंद खाणींच्या खंदकांत भरपूर पाणी आहे. ते वापरता येईल का?

काही ठिकाणी वापरलेही गेले आहे, शेतीला आणि शुद्धीकरण प्रकल्पांनाही. २०१२ मध्ये खाणी थांबल्यावर हे खंदक पावसाने भरले आणि खोलवर असल्याने त्यांत भूजलही झिरपते. टंचाईच्या महिन्यात तो आधार आहे. पण प्रत्येक खंदकाच्या पाण्याची लोह, मँगनीज आणि आम्लतेसाठी तपासणी व्हायला हवी, आणि उपसा केल्यावर शेजारच्या गावातल्या विहिरी खाली जातात का ते बघायला हवे. खाणी पुन्हा सुरू होत असताना हे खंदक रिकामे केले जातील. ते पाणी कुठे सोडले जाते, यावर गावांनी डोळा ठेवावा.

सांडपाणी शुद्ध करून वापरायचे म्हणजे काय, ते प्यायचे?

गोव्याला ते प्यायची गरज नाही. नामिबियाची राजधानी विंडहोक १९६८ पासून शुद्ध केलेले सांडपाणी थेट पिण्याच्या पुरवठ्यात मिसळते, सिंगापूर २००३ पासून असे पाणी थोड्या प्रमाणात जलाशयांत मिसळते, आणि इस्रायल आपल्या सांडपाण्यातला बहुतांश भाग शेतीला देतो. त्या देशांना दुसरा मार्ग नव्हता.

आपल्याला त्यातला सोपा भाग घेता येईल. मोठ्या हॉटेलांची हिरवळ, बांधकामे, शौचालयांच्या टाक्या, वेर्ण्यासारख्या औद्योगिक वसाहती, यांना साळावलीचे किंवा ओपाचे पिण्याजोगे पाणी कशासाठी? पणजीत टोंकला, मडगावात शिरवडेला सांडपाणी प्रकल्प आहेत. त्यांचे पाणी वेगळ्या वाहिनीने किंवा टँकरने या कामांना सक्तीने द्यावे. गळती थांबवण्याच्या खालोखाल मला यात सगळ्यात जास्त आशा दिसते.

याची दुसरी बाजू आरोग्याची आहे. जांभ्यातून पाणी पटकन झिरपते तशी घाणही झिरपते. शौचखड्डा आणि विहीर जवळजवळ असली की विहिरीत जंतू सापडतात. साळ नदीची आज जी अवस्था आहे ती बघितली तर समजते की पाणी असूनही टंचाई येऊ शकते.

जागेत बोअरवेल मारू का?

भूजल नियमन कायदा गोव्यात २००२ पासून आहे. परवानगीशिवाय मारू नका. परवानगी मिळत असली तरी किनाऱ्यालगत राहत असाल तर थांबून विचार करा. किनाऱ्यावर जमिनीखाली गोडे पाणी हलके म्हणून वर आणि खारे जड म्हणून खाली असते. समुद्रपातळीच्या वर एक मीटर गोडे पाणी असेल तर त्याच्या आधाराने खाली सुमारे चाळीस मीटर गोडे पाणी तोललेले असते. याचा उलट अर्थ भयंकर आहे: उपशाने पातळी एक मीटर खाली गेली की खालचे खारे पाणी चाळीस मीटर वर येऊ शकते. कळंगुट-बागाच्या वाळूच्या पट्ट्यात, केळशी-कोलव्यात एका मोठ्या उपशाने शेजारच्या दहा घरांच्या विहिरी खाऱ्या होऊ शकतात. आणि एकदा खारी झालेली विहीर गोडी व्हायला अनेक पावसाळे लागतात.

टँकरवाले हे पाणी कुठल्या विहिरीतून भरतात, तिची नोंदणी आहे का, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. विचारा.

घरात आरओ हवाच का?

गोव्यात बहुतेक ठिकाणी नको. आपले नदीचे पाणी मऊ, क्षार कमी. आरओ एक लिटर देताना दोन-तीन लिटर गटारात सोडतो. क्षारांचे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या खाली असेल तिथे आरओवर बंदी घाला, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच सांगितले होते. गाळून उकळलेले पाणी पुरेसे आहे. विहीर खारी असेल तर गोष्ट वेगळी.

पर्यटक पाणी संपवतात, हे खरे का?

२०२४ मध्ये सरकारी हिशेबाने एक कोटीहून जास्त पर्यटक गोव्यात आले. आपण पंधरा लाखांच्या आसपास. पर्यटक नोव्हेंबर ते मे येतो, म्हणजे नेमका आपल्याकडे पाणी उतरत असताना. त्याचा पोहण्याचा तलाव, रोज धुतल्या जाणाऱ्या चादरी, हिरवळ हे सगळे त्या काळात लागते. पर्यटकाला दोष देण्यात अर्थ नाही, अनेक घरे त्याच्यावर चालतात. मोठ्या हॉटेलांनी आणि दुसऱ्या घरांच्या वसाहतींनी किती पाणी घेतले, त्यातले किती पुन्हा वापरले, हे सार्वजनिक व्हावे, एवढी मागणी रास्त आहे. आज डोंगरमाथ्यावर प्रकल्प मंजूर होतो तेव्हा पाणी कुठून येणार, हा प्रश्न कागदावर एका ओळीत निकालात निघतो.

छपरावरचे पाणी साठवून खरेच काही होते?

होते, हिशेब नीट समजला तर. १०० चौरस मीटर छपरावर वर्षाला तीन लाख लिटर पाणी पडते. ते सगळे साठवायला टाकी नव्हे, तलाव लागेल. तो नाद सोडा. पाच माणसांच्या घराला फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत फक्त पिण्या-रांधण्याला माणशी वीस लिटर धरले तर १२ हजार लिटर लागतात. जुलैतल्या एका मुसळधार दिवसात तेवढे पाणी त्या छपरावर पडून जाते. अंधारी, झाकणबंद, जमिनीखालची १२ हजार लिटरची टाकी सप्टेंबरच्या पावसात भरून ठेवली तर टंचाईचे महिने निघतात.

बाकीचे पाणी पन्हळीने विहिरीकडे न्या. पहिल्या दोन-चार सरींचे पाणी सोडून द्या, छपरावरची घाण त्यात असते. मग खडी, वाळू आणि कोळशाच्या गाळणीतून विहिरीत किंवा विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात सोडा. मुरलेले पाणी उताराने खालच्या शेजाऱ्याच्या विहिरीतही जाईल. वरच्या वाड्याने पाणी मुरवायचे आणि खालच्याने ते प्यायचे, असेच गाव चालते.

ग्रामसभेत आम्ही नेमके काय मागावे?

पहिले, गावातल्या झरी, तळी, ओहोळ आणि सार्वजनिक विहिरींची यादी. पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या नोंदवहीत ती घालता येते. जे कागदावर नाही ते बुजवताना कोणी विचारत नाही.

दुसरे, सड्यावर किंवा डोंगरउतारावर जमिनीचा विभाग बदलण्याचा अर्ज आला की त्या सड्याखालच्या झरीचे काय होणार, हा लेखी प्रश्न. नगरनियोजन कायद्यातल्या, जमिनीचा विभाग बदलू देणाऱ्या १७(२) आणि ३९अ या कलमांवरून गेल्या काही वर्षांत जो वाद पेटला, त्यात झाडे आणि भातशेतीवर बरेच बोलले गेले, सड्यातल्या पाण्यावर कमी. सडा एकदा सिमेंटने झाकला की पाऊस तितकाच पडतो आणि मुरत मात्र नाही.

तिसरे, बंधाऱ्याच्या फळ्या कोणत्या तारखेला बसणार, हे ऑक्टोबरच्या आधी.

हे सगळे मोठे झाले. मी एकटा काय करू?

तुमच्या विहिरीचे पाणी मोजायला लागा. केंद्रीय भूजल मंडळ वर्षातून चार वेळा निवडक विहिरी मोजते. तुमच्या वाड्याचे चित्र त्यातून मिळत नाही. काम सोपे आहे. दोरीला वजन बांधा, काठावर रंगाने एक खूण करा आणि त्या खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मीटरमध्ये लिहा. सकाळी, पंप लावण्याआधी. महिन्यातून दोनदा पुरे. किनाऱ्याजवळ असाल तर क्षार मोजणारे पेनासारखे छोटे यंत्र मिळते, त्याचा आकडाही सोबत लिहा.

जानेवारीची तुलना मेशी करू नका, ती पातळी उतरणारच. या मेची तुलना मागच्या मेशी करा. वाड्यातल्या पाच-सहा विहिरींचे आकडे एकाच वहीत असले तर एकच विहीर उतरली की सगळ्या, हे दिसते. सगळ्या उतरल्या तर कारण पाऊस किंवा वरचा सडा. एका बाजूच्याच उतरल्या तर त्या बाजूला उपसा वाढला आहे. टँकर कुठे भरतो ते मग शोधायला सोपे जाते. दोन-तीन वर्षांची वही झाली की तिची प्रत पंचायतीत आणि जलस्रोत खात्याच्या तालुका कार्यालयात द्या आणि पोच घ्या.